प्रश्न क्रमांक नऊ

पद्मजा मॅडमना शार्दूल सरांचा हेवा वाटतो, हे चिंचवडच्या त्या कॉलेजात सगळ्यांना ठाऊक होतं. शिपायालाही. ठाऊक नव्हतं ते फक्त शार्दूलला. आणि मॅडम त्याला हेवा म्हणतच नसत, शिस्तीची चाड म्हणत.

बावीस वर्षं त्या बी.कॉम.ला संख्याशास्त्र शिकवत होत्या. तास संपला की टेबलाभोवती पोरांचा गराडा पडायचा, आणि डबा खायचा राहिला म्हणून कुरकुरताना मॅडम मनातून सुखावायच्या. नवरा चाकणच्या कंपनीत, लेक शिकायला बाहेरगावी. त्यांची खरी कमाई म्हणजे तो गराडा. मग दोन वर्षांपूर्वी शार्दूल आला. त्याच विषयाला, अठ्ठावीस वर्षांचा, कंत्राटी, बाह्या दुमडलेला, इन्स्टाग्रामवर मिनिटा-मिनिटाचे व्हिडिओ टाकणारा. गराडा पांगला. पोरं तास संपताच मोबाइल काढून जिना उतरू लागली, आणि मॅडमच्या पोटात दुखू लागलं.

पीएचडीचा विषय त्यांनी उगाच नाही निवडला: कॉलेजचे विद्यार्थी सोशल मीडिया का वापरतात? मार्गदर्शकांनी आठ प्रश्न पक्के केले. नववा मॅडमनी स्वतः घुसडला. ‘आपल्या कॉलेजातील कोणत्या शिक्षकांना फॉलो करता? का?’ पोरांच्याच अक्षरात त्यांना हवं होतं की सरांचे केस भारी आहेत, जोक भारी आहेत. पुढे प्रबंधात त्याला ‘निव्वळ करमणूक’ असं सभ्य नाव देता आलं असतं.

फॉर्म भरून घ्यायला पुढे सरसावला कोण, तर शार्दूल!

“मॅडम, माझ्या वर्गात मी वाटतो ना. तुम्ही कशाला दगदग करता?”

एका तासात शंभर फॉर्म भरून घेऊन, नीट सुतळीने बांधून त्याने आणून दिले. मॅडम आणखीच जळफळल्या. चांगुलपणातही हा पहिला नंबर सोडत नाही!

रविवारी सकाळी त्या सगळ्या वर्गांचे मिळून तीनशे फॉर्म घेऊन जेवणाच्या टेबलावर बसल्या. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. शार्दूल सर, एकशे सत्याऐंशी. पद्मजा मॅडम, शून्य. त्यांचं खातंच नव्हतं, तेव्हा शून्यच येणार, हे संख्याशास्त्राच्या बाईंना काय कळत नव्हतं? तरी खुपलं.

मग ‘का?’ची पाळी. त्यांनी आधीच रकाने आखले होते: दिसणं, विनोद, रील. पहिल्या फॉर्मवर होतं, ‘मेसेज केला की उत्तर देतात.’ दुसऱ्यावर, ‘शिफ्टमुळे तास बुडतो, सर नंतर समजावतात.’ तिसऱ्यावर नुसतं, ‘रिप्लाय येतो.’ आखलेले रकाने जवळजवळ कोरेच राहिले आणि मॅडमना मुकाट्याने चौथा आखावा लागला. त्यात एकशे एकाहत्तर रेघा पडल्या. आजवर हेव्याला एक टेकू होता, की हा पोरगा उथळ आहे. टेकू गेला, पण हेवा काही पडला नाही. उलट आता तो उघडावाघडा समोर उभा होता, आणि त्याला शिस्तीची चाड म्हणायची सोय उरली नव्हती.

त्यांनी फोन उचलला. वर्गाच्या ग्रुपवर ‘शंका वर्गातच विचाराव्यात’ असं त्यांनीच बजावलं होतं. तरी संघर्ष नावाच्या एका पोराने तीन आठवड्यांपूर्वी थेट त्यांना मेसेज केला होता: ‘मॅडम, चाकणला फर्स्ट शिफ्ट लागलीय, तास बुडाला. स्टँडर्ड डेव्हिएशनचं दुसरं गणित कसं सोडवायचं?’ तेव्हा तो वाचून, तासाला बसायला काय होतं, असं म्हणत त्यांनी फोन बाजूला ठेवला होता.

आता त्यांनी कोरा कागद घेतला. पायरी न् पायरी लिहिली, समास सोडून, वळणदार अक्षरात. फोटो दोनदा हलला, तिसऱ्यांदा नीट आला. पाठवला. हा एक तरी माझा, असं त्यांना फार फार वाटलं. निळ्या खुणा उमटल्या.

‘थँक यू मॅडम,’ संघर्षने लिहिलं, ‘पण शार्दूल सरांनी त्याच दिवशी पाठवलं होतं. परीक्षा पण झाली. झेरॉक्सवाल्याकडे तुमच्या नोट्स असतात ना, त्यातलंच पान होतं. सर म्हणाले, मॅडमइतकं सोपं कुणी सांगत नाही.’

मॅडमनी ते तीनदा वाचलं. शार्दूल वाईट निघाला असता तर किती बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं, आणि त्या रडू लागल्या.