गावकीपुढं ठेवलेला नारळ

खरं सांगते, माझ्या धाकट्या जावेचं मला काही म्हणजे काही बघवत नाही. बिरवाडीत आमच्या दोघींच्या खाणावळी समोरासमोर. कारखान्यातली माणसं दोघींकडे जेवतात, पण तिची भाकरी फुगली की माझं पोट दुखतं.

गेल्या वर्षी दोघींकडचे मिळून दहा-बारा कामगार उलट्या होऊन दवाखान्यात पडले. संध्याकाळपर्यंत मोबाईलवर फिरलं, या जावा-जावा शिळं मटण खायला घालतात. पोलिसांत तक्रारही झाली. शिळं? आणि माझ्याकडं? मी तर पेटलेच.

दुसऱ्या दिवशी जाऊ महाडच्या वकिलाकडं जाऊन आली ती थेट माझ्या दारात. हातात कागदाची घडी.

"ताई, तपासणीचा कागद येईस्तवर कुठंच काय बोलायचं नाय. बोललेलं आपल्यावरच उलटतं, वकील म्हणाले. कुणी विचारलंच तर एवढं वाचायचं."

"कर नाय त्याला डर कशाला गो? तुझं तू वाच!"

घडी ओट्यावर ठेवून ती गेली. मी उघडूनही पाहिली नाही, मिठाच्या बरणीखाली सारली. काय तो तोरा! म्हणे वकील!

आजारी पडलेल्यांत आमच्या पोलादपूरकडच्या गावचे दोघं होते, म्हणून रविवारी देवळात गावकी बसली. आमच्याकडं रीतच आहे, ज्याच्यावर आळ आला त्यानं देवापुढं नारळ ठेवायचा, 'चुकलंमाकलं पोटात घाला' म्हणायचं. चूक असो नसो, विषय तिथं मिटतो.

जाऊ आलीच नाही. मला आतून उकळ्या फुटल्या. आता कळू दे गावाला, कोण चांगली ते! नारळ ठेवला, हात जोडले आणि वर अर्धा तास बोलले. "त्या दिवशी मटण जरा उशिरा आलेलं," हेही सांगून बसले. कुणी विचारलं होतं मला? गावच्या मुंबईकरांना पाठवायला सगळं मोबाईलवर घेतलं जात होतं.

तो व्हिडिओ बिरवाडीभर फिरला. हिनं देवापुढं कबूल केलं, असं जो तो म्हणायला लागला. पोलिसांनीही तोच समोर धरून विचारलं, "किती उशिरा आलं मटण?" गिऱ्हाइकं रस्ता ओलांडून तिच्याकडं गेली. गाळेमालकानं मला गाळा सोडायला लावला.

चार महिन्यांनी तपासणीत दोष निघाला दोघींकडं येणाऱ्या टँकरच्या पाण्याचा. तोवर माझी चूल विझली होती.

सामान हलवताना बरणीखालची घडी सापडली होती. उघडली. 'आरोप मला मान्य नाहीत. चौकशीला पूर्ण सहकार्य करत आहे. अधिक बोलणार नाही.' खाली सहीच्या जागी माझं नाव टाईप केलेलं. तिनं माझ्यासाठी वेगळा कागद करून आणला होता.

आता मी तिच्याच खाणावळीत भाकऱ्या थापते. अजूनही ती मला ताई म्हणते, एका शब्दानं टोचत नाही. टोचली असती तर बरं झालं असतं मेली!