कट्ट्यावर आज मी तिचं गाणं म्हटलं

मंडळी, घरात दिवसभर जिची गाणी वाजतात ती तरुण पॉप गायिका गेल्याचं सकाळी नातीने सांगितलं आणि माझा चहा तसाच राहिला.

शनिवार पेठेतल्या आमच्या म्हाताऱ्यांच्या कट्ट्यावर रोज एकाने शाळेतली कविता चालीवर म्हणायची असते. आज पाळी माझी होती. मी उभा राहिलो, वर्गात बांधायचो तसे हात मागे बांधले आणि तिचं गाणं सुरू केलं.

"अहो नाना, हे कुठल्या इयत्तेला होतं?" अण्णांनी मध्येच टोकलं. "नातीच्या वयाची पोरगी ती. तुम्हाला कसलं सुतक?"

"आहे सुतक," मी म्हणालो. "शाळा सुटल्यापासून आपोआप पाठ झालेलं हे एकच गाणं आहे माझं. नको असेल तर कट्ट्यावरून उठवा मला."

कुणी उठवलं नाही. दाद मात्र कुणीच दिली नाही. शेवटच्या कडव्याला आवाज फाटला, तरी पुरं म्हटलं.

जुन्या कवींसाठी डोळे भरले की आम्ही रसिक, आणि तिच्यासाठी भरले की म्हातारचळ? हे ठरवणार कोण?

उद्याही मी तेच म्हणणार आहे. तुम्हीही आज तिचं गाणं मोठ्याने लावा, खिडक्या उघडून. दुपारच्या झोपेच्या वेळी लावलंत तरी चालेल.