विश्वनागरिकांचा शिक्का, कन्नडमार्गे

सहलीला जाण्याची कारणं लोकांकडे असतात. कुणाला वेरूळ बघायचं असतं, कुणाला गौताळ्याच्या जंगलात फिरायचं असतं. माझ्याकडे परिपत्रक होतं. आमच्या शाळेला 'जागतिक शाळा' असं प्रमाणपत्र हवं होतं आणि त्यासाठी एखाद्या ग्रामीण शाळेत जाऊन जागतिक नागरिकत्वाचा एक तास घेतल्याचा पुरावा जोडायचा होता. पुरावा म्हणजे फोटो. प्राचार्यांनी स्टाफरूममध्ये नजर फिरवली आणि समाजशास्त्र शिकवायचा गुन्हा मीच केलेला असल्याने ती माझ्यावर येऊन थांबली.

माझ्या सामानात चाळीस निळी 'विश्वनागरिक पासपोर्ट' पुस्तकं, एक गोल रबरी शिक्का, शाईचं पॅड आणि हवा भरायचा एक पृथ्वीगोल होता. तो मी उत्साहाच्या भरात घरीच फुगवून बघितला आणि मग त्याचं बूच काही निघेना. उस्मानपुऱ्यातून रिक्षा केली तेव्हा रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, बच्चे के बर्थडे को जा रहे क्या?" मी हो म्हटलं. जागतिक नागरिकत्व सिग्नलला उभं राहून समजावण्यासारखं नाही.

जाणाऱ्यांसाठी माहिती: मध्यवर्ती बसस्थानकावरून कन्नडच्या गाड्या मिळतात. सकाळी लवकर निघावं. बायकांना अर्धं तिकीट आहे, पण जागा पूर्ण भांडून मिळवावी लागते. दौलताबादच्या अलीकडे-पलीकडे रस्त्यावर पेरू आणि सीताफळं घ्यावीत. दिवाळी उलटली की सीताफळ संपत येतं, त्यामुळे भाव करत बसू नये. कंडक्टर माझ्याजवळ आला आणि शेजारच्या सीटवरच्या गोलाकडे बघू लागला.

"ह्याला लगेज लागंल, मॅडम."

"पृथ्वी आहे ती. मुलांना शिकवायला नेतेय."

"असू द्या की. मांडीवर घ्या. खुलताबादला गर्दी हुईल."

खुलताबादला खरंच गर्दी झाली आणि तिथून कन्नडपर्यंत मी पृथ्वीचा भार वाहिला. कन्नडच्या स्टँडबाहेर कांदाभजी खाल्ली (गरम असतील तरच खा) आणि काळीपिवळीत बसले. जीप भरेपर्यंत निघत नाही आणि भरली म्हणजे काय, हे फक्त ड्रायव्हरलाच ठाऊक असतं. पुढचे बारा किलोमीटर रस्ता आहे असं सरकारी कागदावर नक्कीच असणार.

शाळा छान होती, भिंती रंगवलेल्या, दोन शिक्षक, सातवीपर्यंत वर्ग. स्वागताला गायके सर एकटेच. मुख्याध्यापक कुठे आहेत, असं विचारल्यावर ते जरा चाचरले. "साहेब आज सकाळीच ट्रेनिंगला गेलेत. तुमच्या शहरातच, तीन दिवस."

"कसलं ट्रेनिंग?"

"जागतिक नागरिकत्व."

ट्रेनिंगचा हॉल माझ्या घरापासून दहा मिनिटांवर निघाला. म्हणजे ते जे शिकायला सत्तर किलोमीटर गेले होते, तेच शिकवायला मी सत्तर किलोमीटर आले होते. वेरूळच्या आसपास आम्ही एकमेकांना ओलांडलं असणार.

तास सुरू झाला. मी विचारलं, "आपला जिल्हा सोडून कुणी कधी बाहेर राहिलंय का?" उत्तर 'नाही' येणार, मग मी जगाची खिडकी उघडणार, असं टिपणात लिहिलेलं होतं. अर्ध्याहून जास्त हात वर गेले. कुणी ऊसतोडीला, कुणी वीटभट्टीवर, कुणी मेंढरांमागे. मी टिपण उलटलं आणि स्थलांतर म्हणजे काय, हे या मुलांना दूरच्या समुद्रातल्या होडीचं चित्र दाखवून समजावून सांगितलं. त्यांनी माझं मन राखलं, शांतपणे ऐकलं.

मग पासपोर्ट वाटले. पहिल्या पानावर नाव, इयत्ता, शाळा. शेवटच्या पानावर 'जगाचा एक प्रश्न आणि माझं म्हणणं'. लिहून झालं की माझ्याकडे यायचं आणि शिक्का घ्यायचा. शिक्क्यात पृथ्वी आणि भोवती 'विश्वनागरिक' अशी अक्षरं. मुलं खूश झाली. सातवीतली रेणुका नावाची मुलगी शेवटचं पान तळहाताने झाकून उभी होती. मागे रांग होती, गायके सर फोटो काढत होते. मी म्हटलं, "हात काढ बाळा," आणि शिक्का मारला.

तास संपला तर दारात रेणुकाची आई उभी. मथुराबाई. डोक्यावर पदर, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं एक कार्ड. यांची शंभरेक मेंढरं. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर लादून घाट उतरायचा, खानदेशात शेतकऱ्यांच्या रानात मेंढरं बसवायची. रानाला लेंडीखत मिळतं, यांना धान्य. उन्हाळ्याच्या तोंडाशी परत. अशा मुलांना शाळा शिक्षण हमी कार्ड देते, ते दाखवलं की जिथे जातील तिथल्या शाळेने बसवून घ्यायचं. गेल्या वर्षी कार्डावर शिक्का मारायचा राहिला होता. घाटाखालच्या शाळेने रेणुकाला परत पाठवलं आणि ती चार महिने कोकरं सांभाळत बसली.

"तिचा बाप म्हनला, औंदा बी नाय घेतलं तर शाळा बास," मथुराबाई म्हणाल्या. "उद्या पहाटं निघायचंय. शिक्का तेवढा मारून द्या, गुरुजी."

गायके सरांनी सही केली. शिक्का मात्र नव्हता. ट्रेनिंगमध्ये रोजचा अहवाल शिक्क्यासह द्यायचा होता, म्हणून शाळेचा शिक्का मुख्याध्यापकांच्या बॅगेत बसून शहरात गेला होता.

मथुराबाईंनी माझ्या टेबलाकडे बघितलं. "ह्या मॅडमपाशी हाय की शिक्का. मारा ना ह्याच्यावर."

आता इथे माझ्याविषयी सांगायला हवं. आमचे आजोबा निजामाच्या काळी तहसिलीत कारकून, वडील जिल्हा परिषदेत. आमच्या घरात देव्हाऱ्याखालोखाल मान शिक्क्याला. कच्च्या कागदावर आमचा विश्वास नाही आणि चुकीच्या शिक्क्याची तर भीती वाटते. मी त्यांना समजावलं की हा शिक्का खोटा आहे, याला काही किंमत नाही. चाळीस मुलांच्या हातात तो नुकताच दिलेला असताना हे मी मोठ्या आवाजात सांगितलं.

गायके सर म्हणाले, "मॅडम, सही हाय ना. मी चिठ्ठी बी देतो सोबत. नेऊ द्या त्यांना तसंच."

"नको नको," मी म्हटलं. "शिक्क्याशिवाय उपयोग काय? गेल्या वर्षी बघितलंत ना. माझ्याकडे द्या. उद्या सकाळी मुख्याध्यापकांना गाठते, शिक्का मारून दुपारच्या एसटीने पाठवते."

"कागुद हातचा सोडू नाय म्हनत्यात," मथुराबाई म्हणाल्या.

"मी आहे ना."

त्यांनी कार्ड दिलं. पिशवीसकट. चाळीसगावच्या गाडीच्या कंडक्टरकडे पाकीट द्यायचं, घाटाच्या पायथ्याच्या चहाच्या टपरीवर तो टाकील, त्यांचा मुक्काम जवळच पडेल, असं ठरलं. मी त्यांचा नंबर घेतला आणि परतीच्या जीपमध्ये स्वतःवर खूश होऊन बसले. पृथ्वी शाळेला भेट दिली.

दुसरा दिवस, ट्रेनिंगचा हॉल. स्वागताला जगाच्या सतरा विकास-उद्दिष्टांचा सतरा रंगांचा फलक, आत दीडशे शिक्षक आणि नाश्त्याला उपमा. फलकावर 'कुणीही मागे राहू नये' असं लिहिलं होतं, त्याखाली उशिरा आलेल्यांची वेगळी रांग. मुख्याध्यापक भले गृहस्थ निघाले. उपम्याची बशी बाजूला ठेवून त्यांनी शिक्का काढला, दोनदा फुंकर मारली आणि कार्डावर असा ठसठशीत उमटवला की माझे वडील असते तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. दुपारी स्टँडवर कंडक्टरला पाकीट दिलं. तो म्हणाला, "काळजी करू नका, आमच्याकडं लोकं मोबाइल देत्यात, कागद काय घेऊन बसल्या."

कंडक्टरने शब्द पाळला. पाकीट टपरीवर पोचलं. मथुराबाई पोचल्या नाहीत. पायथ्याच्या ज्या शेतकऱ्याच्या रानात मुक्काम ठरला होता, त्याची कपाशी अजून वेचून झालेली नव्हती, रान मोकळं नव्हतं, म्हणून मेंढरं न थांबता पुढे गेली. हे मला टपरीवाल्याने फोनवर सांगितलं. मथुराबाईंचा फोन बंद. मेंढरांमागे चार्जिंग कुठे मिळणार, हे माझ्या टिपणात नव्हतं.

पुढचे पाच दिवस मी रोज फोन लावला. मला लाज वाटत होती. सहीचं कार्ड आणि सरांची चिठ्ठी घेऊन ती मुलगी निदान शाळेच्या दारापर्यंत गेली असती. मी तिच्या आईच्या हातातून ते सोडवून घेतलं होतं, तेही मदत म्हणून. त्याच आठवड्यात आमचा अहवाल तयार झाला. प्राचार्यांना फोटो आवडले. फक्त 'पृथ्वी जरा मधोमध असती तर बरं झालं असतं' म्हणाले.

सहाव्या दिवशी मथुराबाईंचाच फोन आला.

"मॅडम, रेणुका बसली शाळंत."

"कार्ड मिळालं?"

"कार्ड कुठलं. तिनं आपलं आपण जाऊन तुमचं निळं पुस्तक दावलं. तिथलं गुरुजी लई येळ वाचीत हुते म्हनं. मंग म्हनले, बस."

"पण त्याला काही किंमत नाही हो, मी तुम्हाला..."

"व्हय, तुमी म्हनला हुता. राहू द्या आता. ते पाकीट टपरीवरच असू द्या, येताना घिऊ."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

प्रवासातून काय राहिलं, असं तुम्ही विचाराल. घाट सुंदर आहे, भजी बरी होती, प्रमाणपत्र आलं आणि प्राचार्यांच्या केबिनमध्ये लागलं. शिक्का माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. त्या खालच्या गुरुजींचा नंबर मथुराबाईंकडून मिळवला आणि आभार मानायला फोन केला. ते हसले आणि नंतर रेणुकाच्या पासपोर्टच्या शेवटच्या पानाचा फोटो पाठवला. पेन्सिलीने, ओळ सोडून लिहिलं होतं:

'जगाचा प्रश्न: आमची मेंढरं घाट उतरून जातात तेव्हा त्यांना कुणी कागद मागत नाही. मला मागतात. माझं म्हणणं: मला वर्गात मागं बसवलं तरी चालेल.'

त्याच्याखाली माझा शिक्का होता, न वाचता मारलेला.