हमीदचा डबा आणि फर्दापूरचे दूध

मसाला दुधासाठी पौर्णिमा लागत नाही. हे आरंभीच लिहून टाकतो, कारण आम्ही फर्दापूरला निघालो तेव्हा मार्गशीर्ष वद्य षष्ठी होती, कोजागिरी कधीच उलटून गेली होती आणि "आता कसले मसाला दूध?" असे घरातील प्रत्येकाने मला एकदा तरी विचारून घेतले होते. म्हशीला तिथी कळत नाही. दूध रोज मिळते. ते कधी आटवायचे, हे पिणाऱ्याने ठरवावे.

प्रवासाचे कारण मात्र दूध नव्हते, हमीद होता. हमीद आणि मी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षापासूनचे मित्र. त्याचे फर्निचरचे दुकान आहे. मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात खरेदी विभागात तीस वर्षे काढली आहेत. दोघेही उस्मानपुऱ्यात राहतो, सकाळी बरोबर फिरतो. त्याला आठ वर्षांपासून मधुमेह आहे. एका सकाळी फिरता फिरता, हवापाण्याविषयी बोलावे तितक्या सहजपणे, त्याने सांगितले की तीन आठवड्यांपासून गोळ्या बंद केल्या आहेत. त्याऐवजी तो कोठल्याशा सभागृहात भाषण ऐकून विकत घेतलेला एक 'दूध मसाला' रोज पेलाभर दुधातून घेत होता. त्याने डबा दाखवला. साखर आटोक्यात, सांधे मोकळे, झोप शांत, पचन सुरळीत, स्मरणशक्ती तल्लख. इतकी खाती एकाकडेच सोपवलेली मी मंत्रिमंडळातही पाहिलेली नाहीत.

मी बोललो, थोडे जास्तच बोललो. तो बागेच्या फाटकातून सरळ घरी निघून गेला. संध्याकाळी त्याच्या पत्नीचा, नसीमभाभींचा फोन आला. त्या म्हणाल्या, "भाईसाब, घरात बोललं की हे उठून जातात. गाडीतून उठून कुठं जातील?"

एवढ्या एका वाक्यावर अजिंठ्याजवळच्या फर्दापूरचा प्रवास ठरला. भाभींनी हमीदच्या गोळ्यांची पाकिटे आणि रक्तातील साखर मोजण्याचे यंत्र गुपचूप माझ्याकडे पोहोचवले. हमीदने एकच अट घातली: तू तुझा मसाला आण, मी माझा डबा आणतो, आणि फर्दापूरला बघू.

मसाला मी शुक्रवारीच केला. दोन लिटर दुधासाठी पन्नास ग्रॅम बदाम, वीस ग्रॅम पिस्ते, दोन चमचे चारोळी, दहा वेलदोडे, आठ मिरे, केशराच्या पंधरा काड्या आणि लागेल तेवढेच किसायला एक अख्खे जायफळ. सुका मेवा साखरेविना मिक्सरमध्ये फिरवला की तेल सुटून त्याचा लगदा होतो, म्हणून तो खलबत्त्यात जाडसर कुटला. ओट्यावरचा वजनकाटा पाहून पत्नी सुनंदा म्हणाली, "सोनं कुटताय का?" 'चिमूटभर' हे माप मला मान्य नाही. कोणाची चिमूट, हे कोणी लिहीत नाही.

शनिवारी सकाळी सात वाजता निघालो. जाणाऱ्यांनी वार पाहून निघावे, सोमवारी अजिंठा लेणी बंद असतात. हर्सूल मागे टाकले की जळगाव रस्ता सरळ नेतो: फुलंब्री, सिल्लोड, गोळेगाव, अजिंठा गाव आणि घाट उतरला की फर्दापूर. अंतर सुमारे शंभर किलोमीटर, न थांबता अडीच तासांचे. आम्हाला चार लागले. फुलंब्रीच्या अलीकडे हमीदने गाडी थांबवायला लावली आणि बाभळीमागे जाऊन आला. फुलंब्रीत चहा घेतला, त्याने बिनसाखरेचा, आणि ते हॉटेलभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगून. सिल्लोडला पेट्रोल पंपावर पुन्हा उतरला. मी दोघांसाठी भरून घेतलेल्या पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या तोवर त्याने एकट्याने रिकाम्या केल्या होत्या. घाटाच्या तोंडाशी तो पुन्हा उतरला, परत येऊन बसला आणि काच खाली करत म्हणाला, "मोजतोयस ना?"

"काय?"

"मी किती वेळा उतरलो ते."

मोजत होतो. तीन.

फर्दापुरात राहण्याची सोय साधी आणि पुरेशी आहे. आम्ही उतरलो तिथे खाली खानावळ, वर चार खोल्या आणि मागे गोठा. खानावळ चालवणाऱ्या कौसाबाई साठीच्या आसपासच्या, स्वतः दोन म्हशी राखणाऱ्या. बाजरीची भाकरी, पिठले, ठेचा आणि कांदा एवढेच जेवण, पण भाकरी तव्यावरून थेट ताटात. मला उद्या सकाळपर्यंत दोन लिटर दूध आणि थोडा वेळ चूल हवी आहे, असे सांगितले तेव्हा त्यांनी माझ्याकडे, मग माझ्या पुड्यांकडे पाहिले. "चूल घ्या की. पन राख तुमीच काढायची."

दुपारी लेणी. स्वतःची गाडी फाट्यावर ठेवावी लागते. पुढचे चार किलोमीटर बस नेते. वर पायऱ्या बऱ्याच आहेत, गुडघे दुखत असतील तर डोली मिळते. हमीदने डोलीकडे पाहिलेही नाही, मात्र प्रत्येक दहा पायऱ्यांवर तो शिल्पकलेचे निमित्त करून थांबत होता. एका लेण्यात वाटाड्या एका कुटुंबाला अंधुक चित्र दाखवत होता. राजपुत्राने उपाशी राहून देह वाळवला, तरी काही हाती लागले नाही. मग एका गावकरी बाईने दिलेली खीर घेतली आणि त्यानंतर ज्ञान झाले, असे तो सांगत होता. हमीद माझ्या कानाशी म्हणाला, "बघ. त्याला कुणी विचारलं नाही, साखर किती म्हणून."

मी हसलो. ते वाक्य विनोद नव्हते, हे मला दुसऱ्या दिवशी कळले.

पाच वाजता कौसाबाईंनी धार काढली. एक लिटर दूध जाड बुडाच्या पातेल्यात चुलीवर ठेवले आणि मी ढवळत बसलो. तेवढ्यात सुनंदाचा फोन आला. आत आवाज नीट येईना म्हणून अंगणात गेलो. परतलो तर पातेल्यात पाणी एकीकडे आणि चोथा दुसरीकडे. हमीदने उकळत्या दुधात गुळाचा खडा टाकला होता.

"गूळ चालतो शुगरला," तो म्हणाला. "ती काय साखर नाही."

कौसाबाईंनी पातेले उतरवले. "उकळत्या दुधात गूळ टाकत्यात व्हय? नासनारच की. आन गूळ चालतो हे कुनी सांगितलं तुमाला? माझ्या सासूला बी असंच सांगितलं व्हतं. पायाचं बोट गेलं तिचं, मग पाऊल गेलं."

त्यांनी ते कोणाला घाबरवण्यासाठी सांगितले नव्हते. चोथा फडक्यात बांधता बांधता सांगितले, आणि घरात हा गोड चोथा आवडीने खातात, तेव्हा वाया काही जात नाही, असेही सांगितले. हमीदने मात्र हट्ट सोडला नाही. झोपण्यापूर्वी त्याने डब्यातले दोन चमचे गरम दुधात घालून घेतले, माझ्यासमोर, मुद्दाम हळूहळू ढवळत.

सकाळी मी यंत्र काढले. ते नसीमभाभींनी दिले हे त्याने ओळखले, तरी बोट पुढे केले. उपाशीपोटी दोनशे अठ्ठ्याऐंशी.

आता माझी पाळी होती. डबा हातात घेतला. मागच्या बाजूला किमतीची चिकटपट्टी नेमकी घटकांच्या यादीवर लावलेली होती. ती नखाने खरवडली. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, हे त्याला समजावून सांगितले आणि पहिला शब्द मोठ्याने वाचला: साखर. मग सुंठ, हळद, दालचिनी वगैरे मंडळी, शेवटी चिमूटभर अश्वगंधा. खरेदी विभागात अनेक पुरवठादारांना मी याच आवाजात गप्प केलेले आहे.

हमीद गप्प झाला नाही. "माहीत आहे," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"गोड लागतं, साळुंके. मला काय जीभ नाही? पहिल्या घोटातच कळलं होतं." त्याने डबा माझ्या हातातून घेतला. "आठ वर्षं झाली. लग्नाला गेलो की लोक आधी माझ्या ताटाकडं बघतात, मग तोंडाकडं. ईदला सगळ्यांना शीरखुर्मा, मला अर्धा खजूर. आणि तू. पोराच्या नोकरीचे पेढे वाटलेस, माझ्यापुढून डबा तसाच पुढं सरकवलास. एक शब्द बोलला नाहीस. विचारलं असतंस तर मीच नको म्हणालो असतो ना यार. या डब्यावर दवा लिहिलंय. म्हणून नसीम स्वतः पेला आणून देत होती, हसून. गोळी घेतली की मी आजारी. हा घेतला की बरा."

पेढ्यांचे सर्व खरे होते. काळजी घेतो आहोत असे समजून मी तो डबा सरकवला होता, आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलेही नव्हते.

तेवढ्यात चुलीपाशी दुसरे लिटर तापवत बसलेल्या कौसाबाईंनी हाक दिली, "साखर किती?"

"दोनशे अठ्ठ्याऐंशी," हमीद म्हणाला.

"दुधात वं, भाऊ!"

आधी तो हसला, मग मी, आणि आपण काय विनोद केला हे न कळूनही कौसाबाई हसल्या. हसू ओसरल्यावर मी म्हणालो, "दुधात नको. पण दूध करू. आणि ते औषध म्हणून नाही." मी खिशातील गोळ्यांचे पाकीट काढून त्याच्यासमोर ठेवले. त्याने स्वतःच डॉक्टरांना फोन लावला. पलीकडून बरेच बोलणे झाले, आमच्या बाजूने तीनदा "हौ" आणि एकदा "सोमवारी येतो." नाश्त्याच्या भाकरीबरोबर त्याने गोळी घेतली.

मग दूध केले. मंद आचेवर, ढवळत, कडेची साय आत ओढत, पाऊण होईपर्यंत आटवले. कुटलेला मेवा, आता एकाच लिटरला म्हणून निम्मा, शेवटच्या दहा मिनिटांसाठी. मिरी भरडून. केशर कोमट दुधात चोळून. वेलची आणि किसलेले जायफळ पातेले उतरवल्यावरच, नाहीतर सुगंध चुलीलाच मिळतो. त्याला अर्धा पेला, मला अर्धा, कौसाबाईंना पूर्ण, कारण चूल त्यांची. त्यांनी एक घोट घेतला आणि स्वतःच्या पेल्यात दोन चमचे साखर घातली. हमीद सावकाश पीत होता. "डब्यात दूध लागतच नव्हतं रे," तो म्हणाला.

या पेयाच्या आरोग्यलाभांविषयी वाचक विचारतील, तेव्हा जेवढे ठाऊक आहे तेवढेच लिहितो. दुधात प्रथिने आणि कॅल्शियम असते. बदामाने पोट भरल्यासारखे वाटते. मिरी थंडीत घशाला बरी वाटते. जायफळाने झोप येते असे म्हणतात, पण ते जास्त झाले तर त्रासच होतो. दोन लिटरला पाव चमचा पुष्कळ. दुधाची स्वतःची साखर असतेच, म्हणून मधुमेह असलेल्याने हा पेला आहारात धरावा आणि प्रमाण डॉक्टरांना विचारावे. यापुढचे सर्व दावे मी फेटाळतो. मसाला दुधाने मधुमेह जात नाही. गुळानेही जात नाही. आणि कोणताही रोग बरा होत नसला तरी ते प्यावे, कारण ते उत्तम लागते. चांगल्या चवीला आजाराचे प्रमाणपत्र का लागावे, हा प्रश्न मी डबा विकणाऱ्यांना विचारतो आणि आमच्यासारख्या काळजीवाहूंनाही.

परतीच्या वाटेवर दोनदा थांबलो. त्यातले एकदा माझ्यासाठी.

सोमवारी तो खरोखर डॉक्टरांकडे गेला, बोलणी खाल्ली, गोळी थोडी बदलून मिळाली. डबा त्याने टाकला नाही. दुकानात त्यात खिळे ठेवले आहेत; झाकण घट्ट बसते, तेवढा एक दावा खरा निघाला.

दोन महिन्यांनी रविवारी सकाळी तो आणि नसीमभाभी आमच्याकडे आले. पूजा नव्हती, पौर्णिमा नव्हती. सुनंदाने स्वयंपाकघरातून विचारले, "साखर किती?"

"एकशे बेचाळीस," हमीद बाहेरून म्हणाला.

मग ट्रे आला. चार पेले होते, एक बिनसाखरेचा. मी तो आधी उचलला, हमीदसमोर धरला आणि विचारले, "घेणार?"

"अर्धा," तो म्हणाला.