भुरीआत्याचं ऊन

भुरीआत्या माणसं चेहऱ्यावरून नाही, चालण्यावरून ओळखायची. मी लातूरहून सुट्टीला गावी आले, की अंगणात पाऊल पडायच्या आधीच आतून आवाज यायचा, "आली गं माय, टाचा घासत!" तिची नजर जन्मापासून अधू. बुबुळं सारखी थरथरत असायची. केस पिंजलेल्या कापसासारखे, भुवया-पापण्यासुद्धा पांढऱ्या आणि अंग गुलाबीसर. तिच्या कातडीत रंग उतरलाच नव्हता. नाव सुभद्रा, पण निलंग्याच्या पलीकडे असलेल्या आमच्या गावात ती सगळ्यांची भुरीच होती. माझ्या वडिलांची, आप्पांची, ती धाकटी बहीण.

तिचं लग्न जमलं नाही. त्याची गोष्ट ती स्वतःच रंगवून सांगायची. "पाव्हणे यायचे, पोहे खायचे, माझ्याकडं बघायचे अन् आप्पाला एस्टीची वेळ इचारायचे." आम्ही पोटभर हसायचो. तीही हसायची, आणि हसता हसता पदराने डोळे पुसायची. उजेडाने तिच्या डोळ्यांना तसंही सारखं पाणी यायचं, त्यामुळे कुठलं पाणी कशाचं, ते कधी कळलं नाही.

रानात जा, असं तिला घरात कुणीच म्हणत नव्हतं. "भावाच्या घरी बसून खायला मी काय पाव्हणी हाय?" असं म्हणत तीच रोज आईच्या पुढे निघायची. तण नीट दिसायचं नाही, म्हणून बोटांनी चाचपत खुरपायची. सोयाबीनचं पान कुठलं आणि गवताचं कुठलं, ते बोटांना कळायचं. लुगड्यावर आप्पांचा जुना शर्ट घालून जायची, पण उकडायला लागलं की तो धुऱ्यावर, शेताच्या बांधावर पडलेला असायचा. संध्याकाळी मान, हात, कान लालभडक. आई खोबरेल तेल चोळायची. दोन-चार दिवसांत सालटं निघायची आणि आम्ही पोरं ती ओढून काढायला भांडायचो. "काढा, काढा. कात टाकून राहिले मी," ती म्हणायची. कातडी नवी येते म्हणजे सगळं बरं झालं, असंच आम्हा सगळ्यांना वाटायचं. ते भाजणं आत कुठेतरी साठत चाललंय, हे सांगणारं कुणी नव्हतं.

मी लातूरला एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरीला लागले, त्यानंतरची ही गोष्ट. तिच्या डाव्या कानाच्या पाळीवर एक फोड आला. "बिब्बा उतला असंल," ती म्हणाली. हळद झाली, कोरफड झाली, कुणी दिलेला लेप झाला. खपली धरायची, निघायची, रक्त यायचं, पुन्हा धरायची. फोनवर मला यातलं काहीच कळलं नाही. दिवाळीला गेले तेव्हा कान सुजला होता आणि वाटाण्याएवढ्या फोडाची चिघळलेली जखम झाली होती. आप्पांशी भांडून मी तिला लातूरला आणलं.

डॉक्टरबाईंनी तुकडा तपासायला पाठवला. निकाल आल्यावर आम्हाला समोर बसवून सावकाश सांगितलं. हा कातडीचा कॅन्सर आहे. रंग असलेली कातडी उन्हाला थोडंफार अडवते, यांची अजिबात अडवत नाही. लहानपणापासून उन्हापासून जपलं असतं, तर हे झालंच नसतं. कानाचा तेवढा भाग काढून टाकू. पण यापुढे सकाळी दहा ते दुपारी चार बाहेर पडायचं नाही, आभाळ आलेलं असलं तरी नाही. पूर्ण बाह्या, मोठ्या काठाची टोपी, उघड्या अंगाला दर दोन-तीन तासांनी क्रीम. अंगावर कुठे नवा फोड, न भरणारी जखम दिसली की लगेच यायचं.

आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग डाक्टरीनबाई, खुरपायचं कवा?"

डॉक्टरबाई हसल्या नाहीत.

क्रीमची ट्यूब हातात दिली तेव्हा मात्र ती खुदकन हसली. "क्रीम? मला? आनखी किती गोरी होऊ गं?" पुढच्या खेपेला गेले तर ट्यूब घरात नव्हती. शेजारच्या पोरीचं लग्न ठरलं होतं, तिला देऊन टाकली होती. "तिला कामाची हाय, मला काय करायची," म्हणाली. मी दुसरी आणली, समोर बसवून मानेला, कानांना, हातांना लावून दाखवली. ती लहान मुलासारखी डोळे मिटून बसली. मी लातूरला परतले, की मग काय होत असेल ते मला ठाऊक होतं.

रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी फोन करायचे. "आत्या, कुठं हायस?"

"घरातच हाय की."

मागे मळणीयंत्राची घरघर ऐकू यायची.

मी आप्पांवर चिडले. "तुम्ही अडवत काहून न्हाई?"

"अडवलं की," आप्पा म्हणाले. "घरी ठेवलं तर घासलेली भांडीच पुन्हा घासत बसती. तुझी आई रानातून आली की ही तोंड फिरवून रडती. आता दाराला कडी घालू का बाहेरून? तूच सांग."

कडी घाला, असं माझ्याने म्हणवलं नाही.

दुसऱ्या वर्षी कानाखाली, मानेत गाठ आली. यावेळी मात्र तिने लगेच कळवलं. डॉक्टरबाईंनी बोटांनी गाठ चाचपली. आजार पसरला होता. ऑपरेशन झालं, मशीनचा शेक, म्हणजे रेडिएशन, सुरू झाला. पहिल्या दिवशी टेबलावरून उतरताना तिने मला हळूच विचारलं, "ऊन नको म्हनतेत, अन् हे मशीनचं ऊन चालतं व्हय?" त्या शेकाने तिची मान रानातून आल्यासारखी लालभडक झाली, सालटं निघाली. पुढे तोंड उघडेना, घास गिळेना. डॉक्टरबाई एक दिवस म्हणाल्या, "आता घरी न्या." ज्या घरात दिवसा थांबायला ती तयार नव्हती, तिथेच तिची खाट टाकली.

एका संध्याकाळी तिने रानात न्यायला सांगितलं. सूर्य बुडाल्यावर आप्पांनी तिला मोटारसायकलवर आपल्या मागे बसवलं, मी तिच्या मागे बसून धरलं. हरभरा घाट्यांवर आला होता. ती धुऱ्यावर बसून एका रोपावरून बोटं फिरवत राहिली. मी म्हणाले, "या उन्हानं तुझी वाट लावली बघ."

"त्याच्यावर काहून चिडतीस?" ती अडखळत, ओठ जेमतेम हलवत म्हणाली. "त्याला काय ठाव, कुनाच्या अंगाला काय सोसतं."

हरभरा निघायच्या आधीच ती गेली.

तिचं दिवसकार्य झाल्यावर मी परत निघाले. आप्पा मला सोडायला फाट्यापर्यंत आले. एस्टीला वेळ होता. रस्त्याकडे बघतच ते म्हणाले, "तिला ल्हानपनापासनंच उन्हात जाऊ दिलं नसतं, तर वाचली असती का गं?"

डॉक्टरबाईंनी याचं उत्तर मला फार पूर्वी, अगदी स्पष्ट दिलं होतं. आप्पांचा हात माझी पिशवी घट्ट धरून होता.

"तसं सांगता येत न्हाई, आप्पा," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. पुन्हा कधी विचारलं नाही.