दस्त्यावरचा गाल

श्रीरंगने माझ्या हातून बंदूक घेतली, खिशातून जंतुनाशक वाइप काढला आणि तिचा लाकडी दस्ता पुसला. जिथे माझा गाल टेकला होता, तिथेच. दोनदा. मग स्वतःचा गाल टेकवला.

अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या पश्चिमेला, मक्याच्या शेतांपलीकडे ही शूटिंग रेंज. यंत्रातून सुटणाऱ्या मातीच्या केशरी चकत्या हवेतच फोडायच्या. एका फेरीत पंचवीस. एकाच ऑफिसातले आम्ही चौघं मराठी दर रविवारी जायचो. चौघांत रेंजची एकच भाड्याची बंदूक. निलेशनंतर श्रीरंग दस्ता पुसत नव्हता. अमितनंतरही नाही. फक्त माझ्यानंतर.

आदल्या रविवारी गाडीत त्याने विचारलं होतं, "नागपुरात कुठे तुम्ही?"

"इंदोऱ्यात."

"अच्छा, अच्छा." पुढे तो फक्त बर्फावर बोलला. माझी जात त्याला कळली होती.

मी पन्नाशीची बाई, बारा माणसांची मॅनेजर. गप्प बसले.

मग माझा नेम गेला. बावीस चकत्या फोडणारी मी सोळावर आले. मग अकरा. मग नऊ. काडतुसं बदलली, चष्मा बदलला. काही उपयोग नाही. दस्ता गालाच्या हाडावर आदळायचा, ओठ फुटायचा. रक्त गिळून पुढची चकती मागायचे.

"इथे राखीव जागा नसतात मॅडम," श्रीरंग म्हणाला. "चकती फोडावीच लागते."

अमित हसला. निलेश बुटांकडे बघत राहिला.

कारण सापडलं ते डार्लीनमुळे. रेंजवर शिकवणारी सत्तरीची बाई. एका फेरीत ती माझ्या बाजूला येऊन उभी राहिली आणि इंग्रजीत म्हणाली, "तू गाल टेकवतच नाहीस. बोटभर लांब ठेवतेस. लाकडाला घाबरतेस का?"

लाकडाला नाही. लाकूड विटाळू नये म्हणून मी जपत होते. श्रीरंगसाठी. तोंडाने मी काहीच कबूल केलं नव्हतं, मानेने केलं होतं.

श्रीरंग दहा पावलांवर उभा होता. बंदुकीत काडतूस होतं. त्याचं डोकं चकतीसारखं फुटलेलं मला दिसलं, स्वच्छ दिसलं. मला माझीच भीती वाटली. बंदूक उघडली, काडतूस खिशात टाकलं, बंदूक रॅकवर ठेवली. मग त्याच्याकडे गेले. वाइप त्याच्या हातात तयारच होता. मी तो हिसकावला आणि चिखलात टाकून टाचेने रगडला.

"माझ्यानंतरच का पुसतोस? मोठ्याने सांग. सगळ्यांसमोर."

"अहो, हायजीन आहे. तुम्ही उगाच पर्सनली घेताय."

"निलेशचा घाम चालतो?"

निलेशने मला बाजूला घेतलं. "जाऊ दे ना यार ताई. आपण तुझ्यासाठी वेगळी बंदूक घेऊ या का? तुलाही बरं पडेल."

तो मनापासून बोलत होता. म्हणून जास्त लागलं. माझ्या आईला शाळेत पाणी वरून ओतायचे. ओतणारी बाईसुद्धा मनाने चांगलीच होती म्हणे.

"नाही," मी म्हटलं. "हीच."

रॅकवरची बंदूक घेतली, नव्या फेरीसाठी परत जागेवर गेले. फुटलेला ओठ, सुजलेलं हाड, सगळं दस्त्यावर दाबलं, दाढा दुखेपर्यंत. पहिल्या चकतीचा धुरळा झाला. दुसरीचाही. त्या फेरीत सतरा फुटल्या. ज्या आठ चुकल्या, त्याही गाल टेकवून चुकल्या.

मग रेंजच्या फळ्यावर आमचा पुढच्या रविवारचा क्रम मी लिहिला. पहिली मी. माझ्या लगेच मागे श्रीरंग. तो क्रम कोणी पुसला नाही.

त्याला यायचं नसेल तर येऊ नये. मी येणार. फेरी संपली की घामासकट बंदूक त्याच्या हातात देणार, आणि तो गाल टेकवेपर्यंत तिथून हलणार नाही.