फार्सीमास्तरांचा कौल

फार्सीमास्तर स्वतःसाठी कधीच पुस्तक उघडत नसत. शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या आम्हा मराठी मंडळींपैकी कुणाचा व्हिसा अडकला, कुणाच्या मुलीचं लग्न जमेना, की तो माणूस अर्ध्या थट्टेने त्यांच्यापुढे येऊन बसे. मास्तर प्रश्न मनातच ठेवायला सांगत, डोळे मिटत आणि शिराझच्या एका जुन्या फार्सी कवीचा गझलसंग्रह अंगठ्याच्या नखाने उघडत. निघेल ते पान म्हणजे उत्तर. "आपल्याकडे देवाला कौल लावतात ना, तसंच. इराणात घरोघरी लावतात," असं ते सांगत. स्वतःचं विचारलं की मात्र म्हणत, "आपला हात आपल्याला हवं तिथंच उघडतो. स्वतःचा कौल दुसऱ्याने काढायचा आणि त्याने खोटं बोलायचं नाही."

तो नियम मी मोडला. मास्तरांच्या शोकसभेत त्यांची मुलगी मृणाल माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबांसाठी काका थेट शिराझला जाऊन आले." पुष्कळांचे डोळे ओलावले. मी मान खाली घालून बसलो. लोकांना तो विनय वाटला. म्हणून हे लिहितो आहे.

मास्तर परभणीचे. निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकताना फार्सीची गोडी लागली, ती सुटली नाही. पुढे जन्मभर गणित शिकवलं. थंडीत आम्ही दोघं मॉलमध्ये फेऱ्या मारायचो. मला ते 'इंजिनिअर' म्हणत. एकदा नातू बरोबर होता. त्याने विचारलं, "आजोबा, इज इट लाइक गूगल?" मास्तर म्हणाले, "गूगल लगेच उत्तर देतं रे. हा आधी तुझा प्रश्न नीट करून घेतो."

त्यांच्या स्वतःच्या प्रश्नाला अकरा वर्षं झाली होती. आई अंथरुणावर असताना मास्तर मृणालच्या बाळंतपणासाठी इकडे आले आणि मागे आई गेली. धाकट्या भावाने तेव्हापासून त्यांच्याशी बोलणं टाकलं. मग एक दिवस पुतण्याचा फोन आला: बाबा फार आजारी आहेत, तुम्हाला बोलावतात.

"बाबा, वीस तासांची फ्लाइट! डॉक्टर काय म्हणाले ऐकलंत ना?" मृणाल माझ्यासमोरच म्हणाली.

"ऐकलं. वाटेत मेलो तर मेलो. पण मेलेला भाऊ पोचवून त्याला काय मिळणार?" मास्तर हसले, पण हात चहाच्या कपावर घट्ट होते.

त्याच महिन्यात पुण्याचा एक ग्रुप इराणला निघाला होता आणि माझी मेहुणी त्यात होती. माझा पासपोर्ट अजून भारतीय, त्यामुळे इराणचा व्हिसा मिळायला अडचण नव्हती. मी जातो म्हटल्यावर मास्तरांनी रुमालात बांधून पुस्तक दिलं. "कवीच्या कबरीवर दोन बोटं ठेवा. अख्खा पंजा नको, आपण मालक नाही. जावं की राहावं, एवढंच विचारा. पान निघेल तिथे हा निळा दोरा घाला. तुम्ही आलात की एक तर तिकीट काढीन, नाहीतर हा विषय पुन्हा काढणार नाही."

ती कबर बागेत आहे. संत्र्याची झाडं, पाण्याचे हौद, मध्ये खांबांवरच्या घुमटाखाली संगमरवरी शिळा. शाळेच्या मुली, म्हातारे, नवी जोडपी, सगळे वाकून दोन बोटं टेकवत आणि ओठांतल्या ओठांत पुटपुटत. मीही टेकवली. दगड थंड होता. पुस्तक उघडून आमच्या गाइडबाईंच्या हातात दिलं. त्यांनी ओळींवरून बोट फिरवलं आणि इंग्रजीत सांगितलं, "निघ, म्हणतो. उशीर करू नकोस, म्हणतो."

मी दोरा घातला. त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. मास्तर गेले तर परत येणार नव्हते, हे मला दिसत होतं. माझी बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगा सातला घर सोडतो तो सहाला येतो. मास्तरांबरोबरच्या दोन फेऱ्या हाच माझा दिवस होता.

सकाळी नाश्त्याला मी बाईंना विचारलं, "राहा म्हणणारी गझल आहे का यात?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "आहे. पण तुमचं उत्तर तुम्हाला काल मिळालं."

"मित्राची तब्येत नाजूक आहे," मी म्हणालो.

त्यांनी पान काढून दिलं. "दोरा तुम्हीच ठेवा," म्हणाल्या. मी ठेवला.

परतताना शिकागोच्या एअरपोर्टवर तासभर बसवून विचारलं, इराणला कशासाठी गेला होतात? एका कवीची कबर बघायला, मी सांगितलं. अधिकाऱ्याशी खरं बोललो आणि त्याच संध्याकाळी मास्तरांच्या हातात ते पुस्तक दिलं. त्यांनी दोरा असलेलं पान वाचलं. पुन्हा वाचलं. "बरं," म्हणाले. विषय पुन्हा काढला नाही.

चार महिन्यांनी परभणीचा भाऊ गेला. त्यानंतर मास्तरांनी कुणासाठीही पुस्तक उघडलं नाही. एकदा मॉलमध्ये चालता चालता थांबले. "इंजिनिअर, सत्तर वर्षांत कधी वाटलं नव्हतं. हा चुकला असेल का हो?"

तेव्हा सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "कवी झाला तरी माणूसच, मास्तर." त्यांनी मान हलवली आणि आम्ही उरलेली फेरी पुरी केली. पुढची दोन वर्षं त्या फेऱ्या मला मिळाल्या. त्यांना काय मिळालं, ते त्यांनी सांगितलं नाही.

गेल्या रविवारी सकाळी मृणालला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "काका, बाबा राहिले तेव्हा मला रिलीफ वाटला होता. आता तेच सहन होत नाहीये." मी उठायला लागलो. "बसा," ती म्हणाली. "परभणीला अजून सगळ्यांना वाटतं, बाबा रागापायी आले नाहीत. चुलतभाऊ माझ्याशी तुटक बोलतो. मी सांगून त्याला पटणार नाही."

तिने नंबर लावून फोन माझ्या हातात दिला. तिकडे दिवेलागण झाली असेल. चार-पाच रिंग गेल्या. मी फोन खाली ठेवला नाही.

"हॅलो, कोण?"

मी नाव सांगितलं. मग म्हणालो, "तुमचे काका यायला तयार होते. मी त्यांना थांबवलं. कसं, ते ऐकून घ्या."